मधलं पाणी

बोट धुवायची असेल तर आधी ती पालथी घालावी लागते, घासलेली परात घालतो तशी. मग पोटाला धरलेलं शेवाळ काढायचं, स्वच्छ पाण्याने धुवायचं, फडक्याने टिपायचं आणि सावलीत ठेवायचं. उन्हात राहिली की रंगाला तडे जातात. पुण्याबाहेरच्या एका धरणावर बोटी चालवायला शिकवणारा क्लब आहे. तिथे मी तरुणपणी कामाला लागले ती केस पिकेपर्यंत हेच करत राहिले.

मी नारायण पेठेत राहते. शेजारची बाई विचारायची, "कुठे असता कामाला?" मी म्हणायची, "बोटींवर." की तिच्या भुवया वर. "मग रोज मुंबईला जाता की काय?" धरणावर म्हटलं तर आणखीच पंचाईत. "अहो, ते आपलं प्यायचं पाणी! त्यात बोटी घालता?" जसं काही मीच घालत होते. मी बादली उचलून घरात जायची.

लागले होते झाडायला आणि बोटी पुसायला. पण त्याआधी मी एका मांडववाल्याकडे कनाती शिवत होते, आणि एकदा शीड फाटलं तेव्हा ते माझ्यापुढे आलं. शीड म्हणजे वारा धरायचं कापड. मला वाटलं, कनात काय आणि शीड काय, ताणून सरळ शिवायचं. साठे सरांनी ते उसवायला लावलं. साठे सर म्हणजे क्लबात शिकवणारे. ते म्हणाले, "मंदाताई, ही भिंत नाही. ह्याला पोट हवं." शिडाचे तुकडे कडेला किंचित गोलाई देऊन कापतात आणि मग जोडतात, त्यामुळे वारा भरला की ते फुगतं आणि बोट पुढे ओढतं. अगदी सपाट शिवलं तर बोट जागची हलता हलत नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या मला हे पाठ व्हायला वेळ लागला, पण एकदा हाताला कळलं ते कळलं. नंतर क्लबातलं प्रत्येक शीड माझ्या हाताखालून गेलं. काठावर बसून आपण शिवलेलं शीड लांब पाण्यावर भरलेलं बघायचं, ह्यात मोठं समाधान असायचं. त्याबद्दल मी कोणाला काही म्हटलं नाही. म्हणणार तरी काय?

शिकायला नाना तऱ्हेचे लोक यायचे. एक गृहस्थ छत्री घेऊन वल्हवायला आले होते. एका हातात छत्री, एका हातात वल्हं. बोट जागच्या जागी गोल फिरायला लागली. साठे सर काठावरून म्हणाले, "छान. जातं फिरतंय. आता पीठ पडतंय का बघा." एक तरुण जोडपं फोटो काढायला आलं आणि फोटो काढता काढता दोघंही पाण्यात पडली. सगळ्यांच्या अंगात फुगणारी जाकिटं असायची, कारण जाकिटाशिवाय सर कोणाला धक्क्यावरसुद्धा उभं राहू देत नसत. त्या मुलीने पाण्यातूनच ओरडून विचारलं, "आमचा फोन?" सर म्हणाले, "तो पोहायला शिकलेला नव्हता."

सगळ्यांत वेगळ्या लिमये बाई. शनिवार पेठेतल्या. बँकेतून निवृत्त झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात त्या क्लबात दाखल झाल्या, स्वतःची उशी घेऊन. सर त्या उशीकडे बघत म्हणाले, "लिमये बाई, ही बोट आहे. ओसरी नाही."

"ठाऊक आहे हो," बाई म्हणाल्या. "ओसरीवर बसायला चांगली जागा असते. तुमच्या बोटीत नाही, म्हणून मी माझी आणली."

सरांना गप्प बसवणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. बाई वल्हवायला शिकल्या आणि चांगल्या शिकल्या. दोघांचं रोज भांडण व्हायचं आणि एक जण आला नाही की दुसरा माझ्यापाशी येऊन "आज दिसत नाहीत?" असं सहज विचारल्यासारखं विचारायचा.

आता सरांचा एक नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सर पहिल्याच दिवशी घोकायला लावत, 'काठ सोडा, मध्ये या.' धरणाच्या काठाशी बुडालेल्या झाडांची खोडं असतात, जुने बांध असतात, मासेमारीची जाळी असतात. तिथे बोट अडकते, फाटते. मध्ये खोल आणि मोकळं पाणी. घाबरलात, वारा वाढला, काही सुचेनासं झालं की मध्ये यायचं आणि थांबायचं. धरणाचं पाणी कुठे जात नाही. आणि जायचं असेल तर आधी भोंगा वाजतो, पेपरात येतं. पुण्याच्या माणसाला सवय आहे, पाणी निघालं की त्याला कळवून निघतं.

हिवाळ्यात क्लब बोटी ट्रकवर घालून कोकणातल्या एका खाडीवर जायचा. समुद्राच्या पाण्यावर हात बसावा म्हणून. मला शिडांसाठी नेत, कारण खारं पाणी आणि ऊन मिळून शिवणीचा दोरा खातात. पहिल्या वर्षी आम्ही दुपारी पोचलो, बोटी धक्क्याला बांधल्या, जेवलो, झोपलो. सकाळी मी तोंड धुऊन बाहेर आले आणि जागच्या जागी उभी राहिले. खाडी नव्हती. सगळीकडे चिखल आणि त्यात आमच्या बोटी आडव्या पडलेल्या, काही दोराला लटकलेल्या. मला खरंच वाटलं की रात्रीत काहीतरी फुटलं. मी सरांच्या दारावर जाऊन हाका मारल्या, "सर, पाणी गेलं!" ते म्हणाले, "नळाला नसेल आलं अजून." मग बाहेर येऊन तेही बघत राहिले. त्यांनाही भरती-ओहोटी माहीत होती, पण माहीत असणं वेगळं आणि समोर रिकामी खाडी बघणं वेगळं. आम्ही धरणावरच्यासारख्या आखूड दोराने घट्ट बोटी बांधल्या होत्या. पाणी उतरलं तशा त्या टांगल्या गेल्या.

गावातला काशीनाथ नावाचा माणूस आमच्याबरोबर असायचा. त्याची इंजिनाची होडी होती. आमचं कोणी अडलं तर ओढून आणायला ती आम्ही सांगून ठेवत असू. त्या सकाळी तो धक्क्यावर येऊन टांगलेल्या बोटी बघत म्हणाला, "वाळत घातल्याव का?" सरांना तोडीस तोड कोणीतरी मिळालं म्हणून लिमये बाईंना फार आनंद झाला.

काही वर्षं अशी चांगली गेली. मग ती वेळ आली.

शिबिराचा शेवटचा दिवस होता. अमावास्या नुकतीच झालेली. काशीनाथ सकाळी सरांना म्हणाला, "आज पानी जोराचा हाय. दुपारनंतर कोन उतरू नका." सर म्हणाले, "दुपारनंतर आम्ही सामान बांधणार." तसं काशीनाथ निर्धास्त होऊन पलीकडच्या गावात बाजाराला गेला, होडी इथेच ठेवून. आमच्यापैकीच कोणीतरी सामान चढवायला सोपं जावं म्हणून ती होडी धक्क्याच्या अगदी जवळ ओढून बांधली.

मी शिडं घड्या घालून पिशवीत भरत होते. लिमये बाई आल्या. "मंदा, एक विचारू? तू इतकी वर्षं ह्या बोटी पुसतेस. कधी बसलीस?"

मी मान हलवली. पाण्याची मला भीतीच वाटायची.

"कमाल आहे. म्हणजे आयुष्यभर पोळ्या करायच्या आणि खायची एकही नाही. चल. दहा मिनिटं. ह्या कडेपासून त्या झाडापर्यंत."

"बाई, काशीनाथदादा म्हणाले..."

"दुपारनंतर म्हणाले. अजून जेवणं व्हायची आहेत. दुपार जेवल्यावर सुरू होते."

मी नको म्हणू शकले नाही. नको म्हणायला मला कधी जमलंच नाही. जाकीट घातलं आणि बसले. दोघांनी वल्हवायची बोट होती. आत नांगर होता, म्हणजे पाण्यात टाकला की तळाला रुतून बोट धरून ठेवणारा लोखंडी आकडा. बाईंनी तो उचलून धक्क्यावर ठेवला. "हे लोढणं कशाला पायात?" धरणावर आम्ही कधी नांगर वापरला नव्हता. तो फक्त रंगाला चरे पाडायचा.

वल्हवणारा माणूस उलटा बसतो हे वाचणाऱ्याला माहीत नसेल. जायचं तिकडे पाठ आणि सोडून आलो तिकडे तोंड. झाडापर्यंत छान गेलो. पाणी गुळगुळीत होतं. मी हात घालून बघितला, गार लागला. मला हसू आलं, कशाचं ते कळलं नाही. मग वळलो. आता धक्का आमच्या पाठीशी आणि तोंडासमोर खाडीचं तोंड, जिथे ती समुद्राला मिळते. तिथे वाळूचा उंचवटा असल्यामुळे लाटा फुटतात. लांबवर एक पांढरी रेघ दिसत होती, रांगोळीसारखी.

बाई वल्हवत होत्या. जरा वेळाने मला वाटलं, रेघ मोठी झाली. मी काही बोलले नाही. मला बोटीतलं काय कळतं? मग तिच्यातलं पाणी उडताना दिसायला लागलं. मग आवाज यायला लागला.

"बाई," मी म्हटलं, "आपण तिकडून इकडे चाललो आहोत ना?"

"मग?"

"मग ते जवळ कसं येतंय?"

बाईंनी मान वर केली. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. त्या जोर लावून, बरोबर, सरांनी शिकवलं तसं वल्हवत होत्या, आणि आम्ही मागे चाललो होतो. सबंध खाडी आम्हाला घेऊन चालली होती. भोंगा नाही, काही नाही.

"मंदा, दुसरी वल्ही घे."

मी घेतली. इतकी वर्षं काठावरून बघितलं होतं, हातांनी कसंबसं ते केलं. काठ फार लांब नव्हता. काठाशी पाणी संथ दिसत होतं, तिथे चिखलात झुडपं होती, धरायला फांद्या होत्या. मी तिकडे बोट दाखवलं. बाई ओरडल्या, "काठ नको! मध्ये! मध्ये चल!" त्यांना पढवलेलं तेच होतं, आणि मलाही ते इतक्या वेळा ऐकून खरंच वाटत होतं. आम्ही जीव खाऊन खाडीच्या मध्यावर गेलो. मध्ये ओढ सगळ्यांत जास्त असते हे आम्हाला नंतर कळलं.

मग खालून खर्रकन आवाज झाला आणि बोट थांबली. एका कुशीवर कलली. बाजूने पाणी सूं सूं करत धावत होतं आणि आम्ही मात्र स्थिर. मला वाटलं खडकावर आपटलो, आता फुटणार. "हलू नकोस," बाई म्हणाल्या. आम्ही एकमेकींचे हात धरून बसलो. बाई रामरक्षा म्हणायला लागल्या आणि मध्येच विसरल्या. मी डोळे मिटले. पोहता येणाऱ्या बाईंची ही गत, मग माझं काय सांगू?

किती वेळ गेला कोण जाणे. एक बाईमाणसाचा आवाज आला.

"अगो बायांनू! बसल्याव कशाला? उतरा की!"

डोळे उघडले. समोरून एक बाई चालत येत होती. चालत. खाडीच्या मधोमध, कासोटा घातलेला, डोक्यावर टोपली. पाणी तिच्या पोटऱ्यांना लागत होतं. क्षणभर मला वाटलं आपण मेलो आणि ही न्यायला आली. तिने बोटीला हात लावला आणि खदखदून हसली. "वाळूत रुतल्याव तुमी. गुडघाभर पानी नाय. शिंपल्या काढाया येतो आमी हितं."

खाडीच्या मध्ये वाळूचा दांडा होता. ओहोटीला तो उघडा पडतो आणि गावातल्या बायका चिखलातून वाट काढत तिथे शिंपल्या वेचायला येतात. आम्ही ज्याला अथांग समजून रामरक्षा म्हणत होतो ती ह्यांची रोजची कामाची जागा. मी पाय खाली सोडला. वाळू लागली. उभी राहिले आणि रडायलाच लागले. लिमये बाई ओंजळीने तोंडावर पाणी मारत म्हणाल्या, "मंदा, हे पुण्यात कोणाला सांगायचं नाही."

इथेच हे संपलं असतं तर मी हसत हसत सांगितलं असतं.

शिंपल्यांची टोपलीवाली वळून बघत म्हणाली, "आनि त्यो कोन?"

धक्क्याच्या बाजूने एक पांढरं शीड येत होतं. एकट्या माणसाने चालवायची लहान बोट. शिडाच्या कोपऱ्यातलं ठिगळ मी लावलेलं होतं, ते मला लांबून ओळखू आलं. धक्क्यावरून आमची बोट वाहताना बघून साठे सर आम्हाला वाचवायला निघाले होते. काशीनाथची इंजिनाची होडी धक्क्याला लागून बांधलेली होती ती पाणी उतरल्यावर चिखलात बसली होती, म्हणून त्यांनी मिळेल ती बोट पाण्यात लोटली होती.

दांड्याच्या पलीकडच्या अंगाला खोल पाणी होतं आणि सगळी ओहोटी तिथूनच धावत होती. वाराही जमिनीकडून समुद्राकडे. सर त्या पाण्यातून भरधाव येत होते. टोपलीवाली ओरडली, "अरं मागं फिर! मागं फिर!" आम्ही दोघी दोन्ही हात हलवायला लागलो. नका येऊ, जा मागे, आम्ही बऱ्या आहोत. बाई गळा फाटेस्तोवर ओरडत होत्या. पण लाटांचा आवाज होता, आणि लांबून हात हलवणाऱ्या माणसाचा अर्थ एकच होतो. सरांनीही हात वर केला. ते आमच्या समोरून गेले. मध्ये ती धावती धार. त्यांचं तोंड मला स्वच्छ दिसलं. ते ओरडले, "घाबरू नका! आलो मी!"

आणि ते आलो आलो म्हणत निघून गेले.

त्यांनी बोट वळवायचा प्रयत्न केला. शीड फडफडलं, पुन्हा भरलं. मी शिवलेलं शीड होतं, वारा चांगला धरत होतं. इतका चांगला धरायला नको होता. पांढऱ्या रेघेत बोट वर गेली, खाली गेली, पुन्हा वर गेली आणि आडवी पडली. शीड पाण्यावर पसरलं आणि दिसेनासं झालं. आम्ही गुडघाभर पाण्यात उभ्या होतो. ज्यांना वाचवायला माणूस निघाला त्या उभ्या आणि तो गेला. लिमये बाई नुसत्या "अहो, अहो" म्हणत होत्या, घरात कोणी तडकाफडकी उठून गेल्यावर म्हणतात तशा.

टोपलीवालीने आम्हाला हाताला धरून चिखलातून काठाला नेलं. काशीनाथ परत आला होता. मला वाटलं तो धावेल. तो खाडीच्या तोंडाकडे बघत उभा राहिला आणि मग खाली बसला. आमच्यातली माणसं त्याच्या अंगावर गेली. "बसता काय? माणूस मरतोय तिथे!" कोणी त्याला वाटेल ते बोललं.

तो म्हणाला, "आता त्या तोंडात जाईल त्यो परत नाय येनार. पानी थांबू द्या. मग लाटा बसतात. बोट धरून ऱ्हायला आसंल तर मिलंल."

"आणि धरून नसेल राहिला तर?"

तो उठला आणि त्याने गावातल्या माणसांना हाका मारल्या. बायकाही आल्या. होडी चिखलातून काढायची होती. ओंडके आडवे टाकून त्यांवरून ती ओढायची, मागचा ओंडका काढून पुढे टाकायचा, पुन्हा ओढायची. आम्ही पुणेकर त्यांच्यात मिसळलो. लिमये बाई मांड्यांपर्यंत चिखलात उभ्या राहून दोर ओढत होत्या आणि कोणी "तुम्ही बसा" म्हटलं की त्याच्याकडे बघत होत्या. होडी पाण्याला लागली तेव्हा सूर्य खाली गेला होता आणि खरोखर, लाटांचा आवाज उतरला होता. ओहोटी संपून भरती लागायच्या आधीचं पाणी थांबलं होतं. ते थांबतं हे मी तोवर ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. काडी टाकली तर जागच्या जागी तरंगत होती.

मी जाकीट घेऊन काशीनाथजवळ गेले. म्हटलं, "दादा, घाला." त्याने घातलं. त्याला बंद लावता येईना, मी लावून दिले. तो हळूच म्हणाला, "बरा झाला दिलात. मला पवता येत नाय."

जन्म पाण्यात गेलेला माणूस, त्याला पोहता येत नव्हतं. "गावात कोनाला नाय येत," तो म्हणाला. "शिकायला येळ कोनाला?" आणि इंजिन चालू करून तो त्या तोंडातून बाहेर गेला.

त्यानंतर वाट बघणं. त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

दिवे लागायच्या वेळेला इंजिनाचा आवाज आला. होडीत दोन माणसं होती. एक उभा, एक बसलेला. सर पालथ्या बोटीला धरून तोंडाच्या बाहेर, समुद्रात सापडले होते. हातांची कातडी गेली होती. ओठ निळे. चार माणसांनी त्यांना उतरवून वाळूवर बसवलं, अंगावर घोंगडी टाकली. गावातल्या कोणीतरी चहा आणला. सरांना पेला धरता येईना, मी धरला.

ते शिबिर अजूनही दर वर्षी भरतं. पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी सर उभे राहिले नाहीत, त्यांनी काशीनाथला उभं केलं, आणि काशीनाथने आमच्या लोकांना सांगितलं, "खाडीत काठ सोडायचा नाय." सर शेवटच्या रांगेत बसून ऐकत होते. धरणावर मात्र ते अजूनही 'मध्ये या' असंच म्हणतात. त्यांचं बोलणं पुन्हा तिरकस झालं, पण मध्येच थांबायला लागले. माणूस बोलायला तोंड उघडतो आणि काहीतरी आठवून मिटतो, तसे. मी काम सोडलं त्याला आता बरेच दिवस झाले. शीड शिवताना नंतर माझा हात थोडा आखडायचा. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. सरांनी चहाचे दोन घोट घेतले, आणि मग पेला कोणी धरला आहे हे त्यांनी बघितलं. माझ्याकडे बघत राहिले. मग लिमये बाईंकडे. काशीनाथने त्यांना वाटेत सांगितलं होतं की बाया बऱ्या आहेत, पण माणसाला धीर द्यायला असं बोलतात, असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी आम्हाला शेवटचं पाहिलं तेव्हा आमची बोट आडवी झाली होती, पाणी आमच्या गुडघ्यांशी होतं आणि आम्ही हात हलवत होतो. खाली वाळू आहे हे त्यांना कुठून कळणार? आम्ही बुडणाऱ्या बोटीवर उभ्या आहोत असं समजून ते वाहून गेले होते, आणि तेच समजून इतका वेळ आपल्या पालथ्या बोटीला धरून राहिले होते.

लिमये बाई म्हणाल्या, "काय हो हे. कशाला आलात?"

"तुमची उशी राहिली होती," सर म्हणाले. मग म्हणाले, "तुमच्या मुलाला काय सांगायचं ते मी जुळवत होतो. सारखं तेच. तुमच्या घरी मी आलोय, जिना माहीत आहे, तो दार उघडेल ते दिसत होतं. मी वाक्य करून ठेवलं होतं."

मग माझ्याकडे वळले. "आणि मंदाताई, मनात तुमच्यापाशी आलो की मला पुढे जाताच येईना. घर कुठल्या पेठेत एवढं माहीत होतं. पण दारात कोण असेल? कोणाला सांगायचं? इतकी वर्षं तुम्ही रोज समोर आहात. मी एकदाही विचारलं नाही."

मला फार संकोच वाटला. एवढ्या लोकांत माझ्या घराचं बोलणं कधी निघालं नव्हतं. पण ते उत्तराची वाट बघत होते.

"सासूबाई असतात, सर," मी म्हटलं. "दोघीच असतो. त्यांना ऐकायला येत नाही. तुम्हाला ओरडून सांगावं लागलं असतं."

लिमये बाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं सर हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी मान हलवली.

"ओरडून सांगितलं असतं," ते म्हणाले.